वस्ती कुणी रिकामी केली

सोमवार, ४

डॉक्टरणीने ही वही दिली. म्हणाली, आजी, रोज बीपी मोजायचं, आकडे लिहायचे आणि त्या दिवशी काय झालं तेही लिहायचं, म्हणजे कशाने वाढतं ते कळेल. मी म्हटलं, मला माणसांनी वाढतं, त्यात लिहायचं काय. पण लिहिते. शाळा चौथीपर्यंतच. पुढे तीस वर्षं इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरी किती आल्या किती गेल्या ते लिहीत होते, तेव्हा हात अगदीच मोडलेला नाही.

वरचा १५२, खालचा ९०.

घरात आम्ही दोघी, मी आणि माझी नात. अंगाने सुतळी म्हणून मी तिला सुतळी म्हणते. मुलाच्या घरी माझी खाट जाण्यायेण्याच्या वाटेत होती. जो तो तिला ठेचकाळायचा आणि माझ्याकडे बघायचा, जसा काही मीच पाय आडवा घातला. दोन वर्षांमागे सुतळीला नोकरी लागली, तिने हे घर भाड्याने घेतलं आणि म्हणाली, आजी, चल. पिशवी भरायला मला दहा मिनिटं लागली. इथे माझ्या खोलीला दार आहे. आतून कडीसुद्धा आहे.

सुतळीची नोकरी म्हणजे मोठ्या पडद्यावर खेळ खेळायचे आणि ते कसे आहेत ते लिहायचं. परीक्षण म्हणतात. पुस्तकांचं असतं तसं. लोक तिचं लिहिलेलं वाचून खेळ विकत घेतात किंवा घेत नाहीत. तिच्या बापाला हे अजून पटलेलं नाही. आज एक नवा खेळ आला, 'राखेचं खोरं' नावाचा. बाजारात अजून आलेला नाही, आधी हिच्याकडे. त्यासाठी तिने कागदावर सही केली की बाजारात येईपर्यंत हा खेळ दुसरं कोणी बघणार नाही, कोणी हात लावणार नाही.

"आणि मी?" म्हटलं.

"तू काय आजी, तू घरातलीच."

म्हणजे मी भिंत.

मंगळवार, ५

१४८, ८८.

सकाळपासून ती खेळतेय, मी बाजूला बसून मोजे शिवतेय. खेळात एक बाई घोड्यावरून हिंडते. सुतळी म्हणाली, "याला ओपन वर्ल्ड म्हणतात. रस्ता ठरलेला नसतो. समोर दिसेल तो डोंगर चढायचा. कोण व्हायचं, कसं वागायचं, आपणच ठरवायचं."

"मग हे घराबाहेर का जमत नाही कुणाला?"

"म्हणून तर खेळतात."

मला त्यातलं काही पटत नाही. ही बाई कुणाच्याही घरात शिरते, पेट्या उघडते, भाकरतुकड्यापासून चांदीच्या पेल्यापर्यंत सगळं पिशवीत कोंबते, आणि घरवाली समोर उभी राहून म्हणते, आज हवा छान आहे. मी असते तर लाटणं हाणलं असतं. जो भेटतो तो हिला काम सांगतो. दहा लांडगे मारून आण. सहा मुळ्या उपटून आण. रांगडे दणकट पुरुष, आणि सहा मुळ्या यांना उपटता येत नाहीत.

मी हे बोलले तर सुतळी हसली आणि तिने ते लिहून घेतलं. म्हणाली, "सगळे खेळणारे हेच म्हणतात, फक्त चार पानं घेतात."

हसली की तिचा चेहरा तिच्या आजोबांसारखा होतो. ते जाऊ दे.

गुरुवार, ७

आज बीपी मोजलं नाही. मोजलं असतं तर काय आलं असतं ते मला माहीत आहे.

सुतळी चार दिवस धड झोपलेली नाही. दुपारी जेवून आडवी झाली ती मेल्यासारखी. पडदा चालूच. ती बाई झाडाखाली घोड्यावर नुसती बसलेली, घोडा शेपटी हलवतोय. मी भांडी घासली, आले, तरी तसाच. पुन्हा कपडे वाळत घालून आले, तरी तसाच. जनावराला असं ताटकळत ठेवलेलं मला बघवत नाही.

ते दोन शिंगांचं यंत्र मी हातात घेतलं. चार दिवस बघतेय, त्यात अवघड काही नाही. डाव्या अंगठ्याने चालायचं, उजव्याने बघायचं, खालचं बटण दाबलं की बोलायचं. घोडा दोनदा ओढ्यात घातला, पण तो बिचारा आपणहून बाहेर आला.

खाली धरण होतं आणि धरणाखाली एक वस्ती. वीस-बावीस घरं. बायका विहिरीवर, पोरं मागे पळतायत. वेशीवर एक म्हातारा उलट्या टोपलीवर बसून जाळं दुरुस्त करत होता. मी थांबले. तो बोलायला लागला. त्याचा गुडघा, त्याची मेलेली बायको, त्याचा कुत्रा, त्याचा मुलगा जो शहरात जाऊन बसलाय. पडद्याच्या कोपऱ्यात सारखं येत होतं, हे बटण दाबा आणि पुढे चला. समोर माणूस बोलतोय आणि पुढे चला? ज्याने बनवलं त्याला कोणी वळण लावलेलं दिसत नाही. मी ऐकत राहिले. शेवटी म्हातारा मुद्द्यावर आला. धरणाला तडा गेलाय. वर जाऊन आलेले सांगतात. पोरी, आम्ही काय करावं?

उत्तरं आली. 'मी बघून येते, तोवर थांबा.' 'काही होत नाही, घाबरू नका.' आणि मागाहून, बारीक अक्षरात, 'आत्ताच निघा.'

धुलाईखान्यातला बॉयलर फुरफुरायला लागला तेव्हा साहेब म्हणाले होते, मी बघून येतो, तोवर थांबा. मी थांबले नाही. आठ बायकांना मागच्या दाराने अंगणात काढलं. साहेबांना नंतर भुवया आल्याच नाहीत.

मी बारीक अक्षरातलं दाबलं.

आणि ती माणसं निघाली. खरंच निघाली. गाठोडी, कोंबड्या, कडेवर पोरं. मी शेवटचा माणूस जाईपर्यंत उभी राहिले. म्हातारा सगळ्यांत मागे. कोपऱ्यात एक छोटं चाक फिरलं आणि नाहीसं झालं.

मग घोडा परत त्याच झाडाखाली नेला. तोंडही होतं त्याच बाजूला केलं. यंत्र होतं तिथे ठेवलं. सुतळी उठली, काही कळलं नाही तिला. कागदावर सही आहे तिची, उगाच कशाला सांगायचं.

शनिवार, ९

१५०, ९०.

आज सुतळी त्या वस्तीत पोचली. मी मोज्यात डोकं घातलं.

"हे काय?" ती म्हणाली. "एक माणूस नाही. दारं लावलेली, चुली विझलेल्या. ना कोणी सांगायला, ना यादीत काही."

"गेली असतील कुठे."

"आजी, खेळातली माणसं जात नाहीत. ठेवली तर असतात, नाही ठेवली तर नसतात. इथे ठेवायलाच विसरले." तिने घराघरांत शिरून बघितलं. "नकाशावर केवढ्या कौतुकाने दाखवलंय हे गाव, आणि आत पोकळ. वेळ संपला असणार यांचा. अर्धवट टाकून दिलं."

मी मनात म्हटलं, पोकळ कसलं, शहाणी माणसं आहेत, सांगितलेलं ऐकलं. पण बोलले नाही. आता कोणीही गेलं तरी ती रिकामीच दिसणार, त्याला ही काय करणार आणि मी तरी काय करणार.

मंगळवार, १२

१४६, ८८. इतकं चांगलं कित्येक दिवसांत नव्हतं.

परीक्षण लिहून झालं. मला वाचून दाखवलं. अर्धं कळलं. जग मोठं, माणसं लाकडी. लढाई छान, कामं रटाळ. आणि शेवटी तीन परिच्छेद त्या वस्तीवर. 'धरणाखालचं रिकामं गाव हीच या खेळाची खरी गोष्ट आहे. बनवणाऱ्यांनी इतकं मोठं जग पसरलं की त्यात माणसं ठेवायला त्यांच्याकडे वेळ उरला नाही.' दहापैकी सहा.

"साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग की," मी म्हटलं.

"खेळांत सहा म्हणजे नापास."

संपादकबाईंचा फोन आला. तेच तीन परिच्छेद त्यांना सगळ्यांत आवडले. सुतळी ओठ दाबून ऐकत होती, फोन ठेवल्यावर घरभर नाचली. म्हणाली, "आजी, यंदा कायम करतील मला."

गुरुवार, १४

१५८, ९४.

परीक्षण सकाळी छापून आलं. छापून म्हणजे इंटरनेटवर. दुपारपर्यंत हजार लोकांनी शिव्या दिल्या. बाकी सगळ्यांनी म्हणे नऊ दिले, ही एकटी सहा. खेळ उद्या बाजारात येणार, यांच्यापैकी एकानेही तो बघितलेला नाही, तरी यांना माहीत की तो उत्तम आहे. आईच्या पोटातल्या पोराचे गुण सांगतात तसं.

सुतळी म्हणते, "चालतं. उद्या खेळतील आणि त्या गावात पोचतील, मग बोलतील."

एक आहे 'लोखंडी कासव' नावाचा. टोपणनाव आहे, खरं कोणी लावत नाही. तो दर खेळावर लांबलचक मत लिहितो आणि लोक त्याचं ऐकतात. त्याने लिहिलंय, 'बाईंना धीर नाही.' धीर नाही म्हणे. आठ दिवस शौचालयातसुद्धा पळत जात होती पोर.

शनिवार, १६

१७४, १००. दोनदा मोजलं. दुसऱ्यांदा जास्त आलं म्हणून पहिलं लिहिलंय.

वस्तीत माणसं आहेत.

काल खेळ बाजारात आला आणि आज कासवाने फोटो टाकले. एक, दोन, तीन, वीस. विहिरीवरच्या बायका. पळणारी पोरं. खाली लिहिलंय, 'हे ते रिकामं गाव. अख्ख्या खेळातलं सगळ्यांत गजबजलेलं गाव. बाई तिथपर्यंत पोचल्याच नाहीत. न खेळता परीक्षण लिहिलं.' सुतळीने फोन माझ्यासमोर धरला. टोपलीवर तो म्हातारा बसला होता. जाळं घेऊन.

माझ्या तोंडून गेलं, "हा परत कधी आला?"

"कोण?"

"कोणी नाही."

ती ऐकायच्या पलीकडे होती. तिच्या पडद्यावर गाव रिकामंच आहे. तिने पुन्हा जाऊन बघितलं, त्याचा व्हिडिओ काढून टाकला. लोक म्हणाले, बनवलेला आहे.

मी भाजी निवडता निवडता आडून विचारलं, "काय गं, एकीने तिच्या खेळात काही केलं, तर ते दुसरीच्या खेळात दिसतं का?"

"नाही. ज्याचं त्याचं जग वेगळं."

"आणि एकदा केलेलं तसंच राहतं?"

"आपोआप जपलं जातं. का?"

"सहज."

मला वाटलं होतं गाव एकच आहे. टीव्हीवरची मालिका सगळ्या घरांत एकच असते तसं. निवडलेली भाजी मी कचऱ्यात टाकली आणि देठं टोपलीत ठेवली.

सोमवार, १८

मोजत नाही.

मी सांगितलं नाही. काल सांगणार होते. सकाळी ती आंघोळीला गेली तेव्हा ठरवलं, बाहेर आली की सांगायचं. बाहेर आली तर डोळे लाल. मग म्हटलं, जेवल्यावर. जेवलीच नाही. मग म्हटलं, उद्या. खरं कारण लिहायचं तर मला भीती वाटते. नोकरी गेली तर हे घर जाईल. हे घर गेलं तर मी पुन्हा त्या वाटेतल्या खाटेवर. ते माझ्यामुळे गेलं म्हटल्यावर ती तरी मला पुढे सोबत कशाला ठेवेल? चौऱ्याहत्तर वर्षांची बाई आणि लपवाछपवी साखर सांडलेल्या पोरासारखी.

बनवणाऱ्या कंपनीचं उत्तर आलं. असा दोष आमच्याकडे कुठेही आढळलेला नाही. संपादकबाईंनी गुरुवारी कचेरीत बोलावलंय. फोनवर विचारत होत्या, तू खरंच खेळलीस ना गं? मला खरं सांग. त्यांनीच डोक्यावर घेतले होते ते तीन परिच्छेद.

तिच्या बापाचाही फोन आला. मी घेतला.

"तिला म्हणावं घरी ये. बँकेत लावतो. खेळ खेळून कोणाचं पोट भरलंय?"

"तुझं भरलं होतं. बारा वर्षांचा होईस्तोवर दुसरं काय करत होतास?"

त्याने फोन ठेवला. बरं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच.

संध्याकाळी सुतळी माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आजी, मी तिथे खरंच गेले होते ना? तू बघितलंस ना? मला आता माझंच खरं वाटत नाही. झोप नव्हती, काहीतरी भलतंच बघितलं असेल मी."

"गेली होतीस," मी म्हटलं. एवढंच म्हटलं. देवा.

मंगळवार, १९

सांगितलं.

ती चहा गाळत होती. मी म्हटलं, "सुतळे, ती माणसं मी घालवली."

"कुठली माणसं?"

"वस्तीतली. म्हाताऱ्याला म्हटलं, निघा. ते निघाले."

ती गाळणं धरून तशीच उभी. "कधी?"

"सात तारखेला. दुपारी. तू झोपली होतीस." तिचा विश्वास बसेना तेव्हा मी ही वही आणली, ते एक पान उघडून दिलं, बाकीची दोन्ही हातांनी दाबून धरली. तिने दोनदा वाचलं. मग म्हणाली, "चल, करून दाखव."

तिच्याकडे सात तारखेच्या सकाळचा खेळ जपलेला होता. मी घोडा खाली नेला. या वेळी ओढ्यात घातला नाही. म्हातारा बोलायला लागला. गुडघ्यावर आला तसा सुतळीचा हात सवयीने पुढे आला, मी तो बाजूला सारला. "ऐकू दे." तिने घड्याळ लावलं. सहा मिनिटं चाळीस सेकंद. आणि शेवटी ते बारीक अक्षर आलं.

"हे कोणी पाहिलेलंच नाही," ती म्हणाली. "लाखो लोक खेळतायत, आजी. सगळे बटण दाबून त्याचं बोलणं पुढे ढकलतात. मग दोनच उत्तरं येतात. मीसुद्धा ढकललं असतं." माणसं गाठोडी घेऊन निघाली तशी ती पडद्याजवळ जाऊन बसली, पार खाली फरशीवर. "यादीत नाव नाही, गुण नाहीत, काही नाही. नुसते जातात. हे किती सुंदर केलंय यांनी. आणि मी लिहिलं, अर्धवट टाकलं."

मग तिने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"शनिवारी तुला कळलं होतं."

"हो."

"तीन दिवस मला वाटत होतं की मला वेड लागलंय."

"हो."

तिने आरडाओरडा केला असता तर मी उलट चार शब्द बोलले असते. ती उठून तिच्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. चहा तसाच राहिला.

बुधवार, २०

बोलत नाही. ताट दारात ठेवलं, खाल्लं, धुऊन ठेवलं. एकदा बाहेर आली आणि विचारलं, "तू आणखी कशाला हात लावलास?" मी म्हटलं, "नाही." "घोड्याशिवाय?" "घोड्याशिवाय." यावर तिचा ओठ हलल्यासारखा वाटला. मला वाटलं असेल नुसतं.

गुरुवार, २१

कचेरीत मीही गेले. ती नको म्हणत होती. मी म्हटलं, चोर मी आहे, तू एकटी जाऊन काय सांगणार. बसमध्ये माझा हात धरून बसवलं, पण बोलली नाही.

कचेरी म्हणजे एक लांब खोली, चाकांच्या खुर्च्या आणि कानात बोंडं घातलेली पोरं. एकानेही मान वर केली नाही. संपादकबाई माझ्या मुलाच्या वयाच्या. पांढरे केस, टेबलावर बिस्किटांचा डबा. सुतळीने सगळं सांगितलं. बाईंनी माझ्याकडे बघितलं, मग डबा माझ्यापुढे सरकवला. मी घेतलं नाही.

"हे बाहेर सांगता येणार नाही," बाई म्हणाल्या. "त्या कागदावर तुझ्याबरोबर माझीही सही आहे. बाजारात यायच्या आधी दुसऱ्याच्या हातात दिला म्हटल्यावर कोणती कंपनी आपल्याला खेळ पाठवेल? ऐक माझं. आपण लिहू, आम्हाला मिळालेली प्रत खराब होती. ते नाकारतील. आपण हो ला हो करू. आठ दिवसांत पुढचा खेळ येईल, लोक त्याच्यावर भांडतील. तुझी नोकरी राहील."

माझ्या छातीवरचा दगड उतरला. खरंच उतरला. मी म्हटलं, "बाई बरोबर बोलतायत. प्रत खराब होती म्हण. कोणाला कळणार आहे?"

सुतळी माझ्याकडे बघतच राहिली. रागाने नाही. मी परक्या बाईसारखी दिसत असेन तशी.

"ते गाव कुणीतरी बसून केलंय, आजी. एकेक माणूस, एकेक गाठोडं. आधी मी म्हटलं त्यांनी अर्धवट टाकलं. आता वर म्हणू की खराब बनवलं?"

"त्यांना काय फरक पडतो? मोठी माणसं आहेत."

"मला पडतो."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं. "मग मला तुला ठेवता येणार नाही. तुला कळतंय ना?"

"कळतंय."

"महिनाअखेरपर्यंत विचार कर."

"शनिवारी लिहून देते," सुतळी म्हणाली.

उतरताना जिन्यात मी म्हटलं, "बावळट आहेस." ती म्हणाली, "सावकाश उतर, पायरी तुटलीय." तीन दिवसांत माझ्या काळजीने बोललेलं पहिलं वाक्य.

शनिवार, २३

मोजलं. १६०, ९२. चालेल.

तिने लिहिलं आणि बाईंनी छापलं. छापायला नको होतं त्यांना, पण एक शब्द बदलला नाही, हे मात्र मानलं पाहिजे. मला वाचून दाखवलं.

'धरणाखालचं गाव रिकामं नव्हतं. ते माझ्या घरात रिकामं झालं. दिलेला शब्द मोडून मी हा खेळ उघडा सोडला. माझ्या आजीने आयुष्यात पहिल्यांदा यंत्र हातात घेतलं आणि वेशीवरच्या म्हाताऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं. खेळ तिच्याशी जसं वागायला हवं तसंच वागला. चूक खेळाची नाही, ती माझी आहे. मी बघितलं ते खरं होतं आणि लिहिलं ते खोटं होतं.'

"आकडा बदललास?"

"आठ केला."

"दोन माझे?"

"तुझे कसले? म्हाताऱ्याचे. तुझे वजा करायला हवेत."

ही थट्टा होती. मी दोनदा आठवून बघितलं, थट्टाच होती.

शिव्या आल्याच. थोड्या वेगळ्या. आजीला पुढे करून लपतेय, असंही एकाने लिहिलं. पण दुपारपासून लोक म्हाताऱ्याचं बोलणं पूर्ण ऐकायला लागले. कासवाने सगळं ऐकलं, वस्ती रिकामी केली, आणि लिहिलं की या खेळात आपण काय काय ओलांडून पळालो कोण जाणे. माफी मात्र मागितली नाही. कासवच ते, मान आत घेतली.

संध्याकाळी एक ओळ आली बनवणाऱ्यांपैकी कोणाकडून तरी. म्हाताऱ्याचं बोलणं त्याने लिहिलं होतं. 'फार लांब आहे, काढून टाक असं सगळे सांगत होते. आजींना नमस्कार सांगा.' सुतळीने तीनदा वाचलं, डोळे पुसले.

"यावर तुझी नोकरी राहते का?"

"नाही."

"मग त्याला विचार, त्याच्याकडे आहे का एखादी."

"आजी!"

विचारणार नाही ती. मला माहीत आहे.

रविवार, २४

१५६, ९०.

मुलगा गाडी घेऊन आला. येतो म्हणून कळवलंही नाही. सुतळी टेबलाशी बसून ठिकठिकाणी पत्रं पाठवत होती, मला लिहायला ठेवा म्हणून. आतापर्यंत अकरा पाठवली, दोन ठिकाणांहून नकार आला, बाकीच्यांचं काहीच नाही. पुढच्या महिन्यानंतर या घराचं काय, ते तिलाही माहीत नाही, मलाही नाही. मुलगा सगळ्या खोल्यांत फिरला, माझ्या खोलीची कडी उघडून लावून बघितली.

मग मला बाल्कनीत घेऊन गेला. आवाज बारीक करून म्हणाला, "आई, मी ऐकलं सगळं. प्रत खराब होती म्हणायचं, एवढं सोपं होतं. कोणाला कळणार होतं? पोरगी बावळट आहे."

अगदी तेच. एक शब्द इकडे नाही, तिकडे नाही. गुरुवारी मी बोलले तेव्हा मला ते शहाणपणाचं वाटलं होतं. आज त्याच्या तोंडून ऐकलं आणि अंग चोरून घ्यावंसं वाटलं.

"चल, तुझी पिशवी घे," तो म्हणाला. "तिलाही सांग."

"तिने म्हटलं तर येईन. तिने म्हटलेलं नाही."

"आई, ती म्हणणार नाही. ती काय म्हणणार? तिला व्यवहार कळत नाही."

आत सुतळी बारावं पत्र लिहीत होती. मान खाली, ओठ दाबलेले, पाय खुर्चीच्या दांडीला गुंडाळलेले.

"हो," मी त्याला म्हटलं. "तुझ्यावर नाही गेली ती. माझ्यावरही नाही."